म्हैसूरचे शिलेदार हैफाच्या रणांगणावर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



देवराज अर्स रस्त्यावर आपण सगळेच खरेदीला जातो. आज बोलायचे आहे ते दुसऱ्या एका अर्सांविषयी. ते म्हणजे म्हैसूर लान्सर्सचे रेजिमेंटदार बी. चामराज अर्स.

१७९९ नंतर म्हैसूर संस्थानाने शिलेदारी घोडदळ बाळगले. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा, हे मराठी माणसाला सांगायला नको! या दळात मराठा स्वारही होते. पुढे १८९२ च्या सुमारास त्यातूनच साम्राज्याच्या मदतीसाठी लान्सर्सची पलटण उभी राहिली.

त्या काळी इंग्रजांच्या हिंदी फौजेत आपला माणूस फार तर रिसालदार-मेजर होई. वीस वर्षे नोकरी झाली तरी काल आलेल्या गोऱ्या पोराला त्याने सलाम करायचा! संस्थानी फौजेत मात्र गोरे अधिकारी सल्लागार म्हणून असत आणि पलटणीचा प्रमुख हिंदी असे. म्हणून चामराज अर्सांच्या हुद्द्याला मोल आहे.

१९१४ साली ही पलटण समुद्रापार गेली. आधी सुएझ कालव्याचे रक्षण, मग पॅलेस्टाईन. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफापुढे एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदीची दलदल आणि समोर तोफा व मशीनगन अशी स्थिती होती. म्हैसूरच्या स्वारांची एक तुकडी डोंगर चढून तोफांवर गेली. खालून जोधपूरच्या स्वारांनी दौड केली. त्यांचे मेजर दलपतसिंह धारातीर्थी पडले, पण शहर हाती आले. १,३५० कैदी आणि १७ तोफा मिळाल्या. आपल्या बाजूचे आठ जण कामी आले. घोडे मात्र साठ मेले.

लढाई साम्राज्याची होती, हे खरेच. पण हिंदी अधिकारी पलटण चालवू शकतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले. त्याच वर्षी सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी जागा ठेवल्या गेल्या. वर्षाला अवघ्या दहा!

दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक म्हैसूरच्या स्वाराची आहे. १९५३ साली संस्थानी घोडदळे एकत्र होऊन ६१ कॅव्हलरी झाली, आणि ती हैफा दिन पाळते. पोटापाण्यासाठी इथे आलेल्या आपण सर्वांनीही २३ सप्टेंबरला या शिलेदारांचे स्मरण करावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!