पाऊस कोकणात, टँकरही कोकणात

वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांवर टँकर का फिरतात, हा प्रश्न श्रोत्यांकडून सातत्याने येतो आणि त्याचे उत्तर पायाखालच्या दगडात दडलेले आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर सपाट जागेवर पडलेले एक लिटर पाणी. या हिशेबाने हजार चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी पडते. पावसाळी शहर म्हणून जगभर नाव असलेल्या लंडनला वर्षभरात जेमतेम सहाशे मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी पाऊस मिळतो; मात्र तो बारा महिन्यांत विभागून पडतो आणि रत्नागिरीचा बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच ओतला जातो.

पाऊस किती पडला आणि उन्हाळ्यात पाणी किती उरले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सर्वांत ठळक दाखला मेघालयातील चेरापुंजीचा होय. १ ऑगस्ट १८६० ते ३१ जुलै १८६१ या बारा महिन्यांत तेथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तो जागतिक विक्रम अद्याप मोडलेला नाही. तरीही हिवाळ्यात तेथील गावकऱ्यांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

रत्नागिरीच्या किनारी पट्ट्यातील सडे, म्हणजे उघडी कातळपठारे, जांभ्या दगडाची आहेत. काळवथरातील, म्हणजे लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकातील, विरघळणारी द्रव्ये दीर्घकाळच्या पावसाने वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली, की जांभा तयार होतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी त्यात झटकन उतरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि आडवे सरकत उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. दिवाळीत खळाळणारा पऱ्ह्या, म्हणजे लहान ओढा, शिमग्यापर्यंत कोरडा पडतो तो यामुळेच. काजळी, मुचकुंदी, शास्त्री या नद्याही सह्याद्रीत उगम पावून अल्पशा अंतरात समुद्राला मिळतात. उलट महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा, अरबी समुद्र सुमारे ६५ किलोमीटरवर असताना, त्याच्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागरापर्यंत चौदाशे किलोमीटरचा प्रवास करते.

टंचाईवर उपाय म्हणून किनाऱ्यालगतच्या गावांत जो मार्ग सर्रास धरला जातो, तो मात्र विहिरीपेक्षा खोल बोअर मारण्याचा आहे, आणि तो धरू नये, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी हलके असते, त्यामुळे किनारपट्टीच्या भूगर्भात ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा साठा असतो, असा नियम डच अभियंता बादोन घायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडला. त्याचा व्यवहारातील अर्थ असा, की उपशामुळे पातळी एक मीटर खाली गेली तर खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर चढू शकते. हा नियम वाळूसारख्या सलग सच्छिद्र थरांना नेमका लागू पडतो. भेगाळलेल्या कातळात खारे पाणी कोणत्या भेगेतून आणि केव्हा शिरेल, याचा अंदाज त्याहून अवघड असतो, म्हणून तेथे अधिकच जपावे लागते.

चेन्नईच्या उत्तरेकडील मिंजूर परिसरात शहरासाठी झालेल्या अतिउपशाने समुद्राचे पाणी भूगर्भातून कित्येक किलोमीटर आत शिरले. रत्नागिरीत धोक्याचा काळ मे महिन्याचा, कारण पाण्याची पातळी तळाला गेलेली असते, त्याच वेळी आंब्याचा हंगाम आणि पर्यटकांची गर्दी असते आणि पंप दिवसभर चालू राहतात. एकदा खारे झालेले पाणी पुन्हा गोडे होण्यास एक पावसाळा पुरेलच असे नाही, कित्येकदा वर्षे लागतात.

एवढे सांगूनही पहिली बोअर खारी निघाल्यावर दुसरी आणखी खोल मारली जाते, याला काय म्हणावे! किनाऱ्याजवळ खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या अधिक जवळ जाणे होय. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून पैसे मोजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की खारे कोणते आणि गोडे कोणते, हे त्या नारळालाही कळत नाही.

खोल बोअर मारण्याऐवजी छपराचे पाणी टाकीत साठवावे. पाऊस ओसरताच पऱ्ह्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घालावा.

ज्यांची बोअर आधीच मारलेली आहे, त्यांनी ती सलग न चालवता थांबून थांबून चालवावी, दर महिन्याला पाण्याची पातळी दोरी सोडून मोजावी व लिहून ठेवावी, आणि चव किंचित मचूळ लागताच पंप त्याच दिवशी बंद करून पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.