रक्तस्राव आणि जीवरक्षा
(रक्तदान शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. आयुष्यभर कापडाचा व्यापार केला. तरीही रक्तस्रावाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास तसेच कारण घडले आहे.

काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दिवशी आमच्या दुकानासमोर एका दुचाकीस्वार तरुणाच्या मानेत नायलॉन मांजा रुतला. मी ताग्याचे कापड फाडून जखमेवर धरले. परंतु रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी ते वारंवार उचलत राहिलो. तेथून जाणाऱ्या एका परिचारिका भगिनीने माझा हात जखमेवर घट्ट दाबला आणि रुग्णालय येईपर्यंत हलू दिला नाही. तरुण वाचला. त्याच सायंकाळी मुलांनी पंख चिरलेले कबुतर आणले. मी त्यास पाणी पाजण्याच्या खटाटोपात राहिलो, रक्त वाहतच राहिले. ते माझ्या ओंजळीतच गेले.

पुढे डॉक्टरांकडून सारे समजून घेतले. प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे ५ लिटर रक्त असते. १५ टक्क्यांपर्यंतची हानी शरीर सहसा निभावून नेते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय वेग वाढविते. ३० टक्क्यांहून अधिक रक्त गेल्यास रक्तदाब कोसळतो, त्वचा थंड व फिकट पडते, शुद्ध हरपू लागते. ४० टक्के, म्हणजे २ लिटर रक्त गेले आणि त्वरित उपचार लाभले नाहीत, तर मेंदूस व हृदयास प्राणवायू न मिळून मृत्यू ओढवतो. मुक्या जीवांचेही असेच आहे. ४०० किलोच्या गाईच्या अंगी वीस लिटरहून अधिक रक्त असते; कबुतराच्या अंगी जेमतेम पाच चमचे. आपणांस जो किरकोळ डाग वाटतो, ते त्याचे सर्वस्व असते. येथे हिशेब रकमेचा नसून प्रमाणाचा आहे.

म्हणून विनंती, की स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबावे, उचलून पाहू नये. ते भिजल्यास त्यावरच दुसरे ठेवावे. जखमीस पांघरूण घालावे, काही पाजू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमी पक्ष्याच्याही जखमेवर हलका दाब द्यावा, चोचीत पाणी ओतू नये. हवेची छिद्रे असलेल्या खोक्यात, अंधारात व शांततेत ठेवून त्यास पशुवैद्याकडे न्यावे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. ती आपल्या घराच्या गच्चीपासून पाळली जावी.

१९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध लावला आणि रक्त देणे-घेणे पुढे सुरक्षित झाले. परंतु मानवी रक्ताची गरज आजही दात्यांवाचून भागत नाही. साठविलेल्या तांबड्या पेशी साधारण पाच ते सहा आठवडेच टिकतात. त्यामुळे एका शिबिराने भागत नाही. दाते वर्षभर लागतात.

त्या दिवशी दोन जीव माझ्या हाती आले, एकच वाचला. दुसऱ्याचे ऋण मी या शब्दांनी अंशतः फेडीत आहे.

जय जिनेंद्र.