चालत्या कामातील स्थलांतर

(प्रताप नगर, नागपूर येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



येथून जवळच परसोडीचा आयटी पार्क आहे. संगणकक्षेत्रातील एक काम असे आहे की, ते नीट पार पडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि बिघडले तर त्याची झळ थेट गावापर्यंत पोचते. साठवलेली माहिती जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात, कारभार न थांबवता हलवणे, हे ते काम होय.

उदाहरण सातबाराचेच घेऊ. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारा आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. एके काळी तालुक्याच्या संगणकावर असलेली ही माहिती आता मध्यवर्ती ठिकाणी राहते. अशी माहिती ज्या यंत्रांत साठवतात, त्यांना तंत्रज्ञ ‘स्टोरेज अॅरे’ म्हणतात. आपण त्यास साठवण संच म्हणू. हे संच साधारणतः पाच-सात वर्षांत जुने होतात. जागा अपुरी पडते, सुटे भाग मिळेनासे होतात. मग संच बदलावाच लागतो. परंतु पीककर्जासाठी उतारा मागणाऱ्या शेतकऱ्यास “आठ दिवसांनी या” असे सांगता येत नाही.

खरी अडचण कोणती?

नक्कल करणे ही खरी अडचण नव्हे. सेकंदास १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या मार्गाने १०० टेराबाइट माहिती हिशेबाने सुमारे २२ तासांत जाते. प्रत्यक्षात चालू कामास अडथळा नको म्हणून ही गती मुद्दाम कमी ठेवतात आणि कित्येक दिवस लागतात. त्या दिवसांत कारभार चालूच असतो. जीर्ण नोंदवहीची नक्कल करणारा कारकून चाळिसाव्या पानावर पोचावा आणि बाराव्या पानावर नवा फेरफार नोंदला जावा, तशी ही स्थिती होते. नक्कल पुरी होण्यापूर्वीच ती शिळी झालेली असते.

उपाय

यावरील उपाय क्रमाने योजावा लागतो. प्रथम नवा संच जुन्याच्या शेजारी जोडतात आणि मुख्य संगणकापासून दोन्हींकडे एकाहून अधिक वाटा तयार ठेवतात. मग पहिली संपूर्ण नक्कल सुरू होते. दरम्यान जे भाग बदलले त्यांची यादी यंत्र स्वतः ठेवते आणि तेवढेच पुन्हा उतरवते. प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा लहान होत जाते. शेवटी प्रत्येक नवी नोंद एकाच वेळी दोन्ही संचांत लिहिली जाते आणि दोहोंकडून पोच आल्यावरच ‘नोंद झाली’ असे कळवले जाते.

यानंतर पडताळणी होते. दोन्ही बाजूंच्या माहितीचे गणिती ठसे जुळवतात. पण तेवढ्यावर भागत नाही. गावनिहाय सातबारांची संख्या, खात्यांची संख्या व एकूण क्षेत्र हेही ताडून पाहावे लागते. मगच वाट बदलतात. त्या वेळी काही क्षण काम थबकते. ते तुटत मात्र नाही. पुढील काही दिवस नव्या नोंदी उलट दिशेने जुन्या संचात जात राहतात, म्हणजे गरज पडल्यास परतता येते. अखेरीस जुन्या संचातील माहिती पूर्णपणे पुसून टाकतात.

दोन संच एकाच इमारतीत असतील तेव्हा हे साधते. नागपूर-मुंबईसारख्या सुमारे ७०० किलोमीटर अंतरावर केवळ प्रकाशतंतूतून जाऊन येण्यासच निदान ७ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंद पोचेची वाट पाहत राहिली तर सारे कामच मंदावते. म्हणून दूरच्या केंद्राकडे नोंदी किंचित मागाहून पाठवतात आणि अंतिम बदलाच्या वेळी अल्पकाळ थांबणे पत्करतात.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज असा की, दोन संचांत माहिती असली की ती सुरक्षित झाली. चुकून पुसलेली नोंद दोन्हींकडून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळेची प्रत हवीच, आणि ती परत उतरवून पाहिलेली हवी. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या. एकाच छताखाली सर्व ठेवण्याचा धोका त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिला.

दुसरा गैरसमज असा की, नव्या यंत्रात गेल्यावर नोंदीही सुधारतात. चुकीचा सातबारा चुकीचाच पोचतो. लेखनप्रमाद दुरुस्त करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खालीच जावे लागते.

आपले काम

अधिकाऱ्यांनी अशा बदलासाठी कर्जवाटपाचा हंगाम टाळावा. काही बिघडल्यास “मागे फिरा” हा आदेश कोण देणार, हे आधीच लेखी ठरवावे. ऐन रात्री त्यावर चर्चा होऊ नये. पंचायत सदस्यांनी बदलानंतरच्या पहिल्या आठवड्यात गावातील काही सातबारा व आठ-अ उतारे काढून गाव नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीशी ताडून पाहावेत. शिक्षकांनी ते वाचण्यास ग्रामस्थांना साहाय्य करावे. यंत्रांचे ठसे यंत्र जुळवील. पण नदीकाठचे ते वीस गुंठे कोणाचे, हे गावच ओळखते.