नेल्सनची गोदी आणि ती आठ नावं

आजच्या भागात आपण जाणार आहोत अँटिग्वाला. कॅरिबियन समुद्रातलं छोटंसं बेट. क्रिकेटवाल्यांना वेगळं सांगायला नको. व्हिव्ह रिचर्ड्सचं हे बेट, आणि विराट कोहलीनं जुलै २०१६मध्ये इथंच द्विशतक ठोकलं होतं. आता गंमत बघा, त्याच महिन्यात या बेटावरची जुनी आरमारी गोदी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आपल्याकडे चर्चा अर्थातच द्विशतकाची झाली! म्हणून आज गोदीची गोष्ट.

जागेचं नाव इंग्लिश हार्बर. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची खाडी. तोंड अरुंद, आत पाणी खोल आणि भोवती टेकड्या. वादळात जहाजं सुरक्षित राहायची. अठराव्या शतकात साखरेला सोन्याचा भाव होता. ब्रिटिशांचे उसाचे मळे या बेटांवर, आणि फ्रेंच शेजारीच, ग्वादेलूप आणि मार्टिनिकला. त्यामुळे आरमार इथंच ठेवणं भाग होतं. पण उबदार पाण्यात लाकडी जहाजाचा तळ किडे पोखरतात, त्यावर शिंपले-शेवाळ चढतं. दर वेळी दुरुस्तीला इंग्लंडला कोण जाणार? म्हणून १७२०च्या दशकात इथं गोदीचं काम सुरू झालं.

बरं, इथं कोरडी गोदी नव्हती. मग तळ साफ कसा करायचे? जहाजातून तोफा, सामान, सगळं उतरवायचं. डोलकाठीला जाड दोर बांधायचे आणि ते काठावरच्या मोठमोठ्या उभ्या रहाटांना गुंडाळायचे. माणसं गोल फिरत ते रहाट ढकलणार आणि अख्खं जहाज हळूहळू कुशीवर कलणार! मग तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, डांबर लावायचं. झालं की दुसरी कूस. हे रहाट आजही तिथं बघायला मिळतात.

१८८९मध्ये ब्रिटिश आरमारानं गोदी बंद केली. छपरं गेली, झाडोरा माजला. १९५१मध्ये एक संस्था उभी राहिली, तिनं डागडुजी हाती घेतली आणि १९६१मध्ये गोदी लोकांसाठी खुली झाली. डांबराच्या कोठारात आता हॉटेल आहे. त्याच्या शेजारी जाडजूड दगडी खांबांची रांग दिसते. वर काहीच नाही! पूर्वी त्यावर शिडं शिवण्याचा माळा होता. आणि ही गोदी नुसतं संग्रहालय नाही हं. आजही शिडाच्या नौका धक्क्याला लागतात, त्यांची दुरुस्ती होते.

आता नावाकडे येऊ. सगळे म्हणतात 'नेल्सन्स डॉकयार्ड'. हा तोच नेल्सन, ट्रफाल्गरवाला. तो इथं होता १७८४ ते १७८७, म्हणजे जेमतेम तीन वर्षं. अमेरिकन जहाजांशी व्यापार करायचा नाही हा कायदा त्यानं कडकपणे राबवला, त्यामुळे इथले व्यापारी त्याच्यावर भयंकर चिडले होते. गोदीतल्या ज्या घराला लोक नेल्सनचं घर म्हणतात ते बांधलं १८५५मध्ये. तो वारला १८०५ला!

मग गोदी बांधली कोणी? आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी. आसपासच्या मळ्यांवरून त्यांना इथं कामाला पाठवायचे. जमीन सपाट करणं, भिंती उभारणं, सगळं त्यांनीच केलं. आणि फक्त अंगमेहनत नव्हे. त्यांच्यात कसलेले सुतार होते, लोहार होते, जहाजाच्या फटी बुजवणारे कारागीर होते. मुंबईच्या गोदीचा विषय निघाला की लवजी वाडियांचं नाव आपोआप निघतं. अँटिग्वाच्या या कारागिरांची नावं मात्र कितीतरी काळ कोणी घेतलीच नाहीत.

आता ती शोधली जातायत. ८ मार्च १७४४ला गोदीत दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि आठ गुलाम कामगार मेले. बिली, डिक, जो, लंडन, सिपिओ... अशी त्यांची नावं. त्या दिवसावरूनच 'आठ मार्च' नावाचा प्रकल्प सुरू झालाय. जुन्या कागदपत्रांतून गोदीत राबलेल्या माणसांची नावं जमवायची, असं ते काम. अँटिग्वातल्या बहुतेक लोकांचे पूर्वज अशाच गुलामगिरीतून आलेले. त्यामुळे ही नावं म्हणजे कदाचित कोणाचे तरी खापरपणजोबा.

मला वाटतं, डागडुजी म्हणजे नुसते दगड परत रचणं नव्हे. ते रचले कोणी, हे सांगितलं तर ती पुरी होते. तुम्ही कधी गेलात तर शर्ली हाइट्सच्या टेकडीवरून सूर्यास्त बघाच, फोटो काढा. पण गाइडला त्या आठ जणांबद्दलही विचारा. आपण विचारत राहिलो तर सांगणारेही वाढतील.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाऊन आलं असेल तर आम्हाला नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात. तोवर, नमस्कार!