सीमेवरचे मन आणि सार्वजनिक उपचार



सीमाभागातील माणसाला ‘सीमा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ना धड इकडचे, ना धड तिकडचे, ही अवस्था काय असते हे त्याला दुकानाच्या पाटीपासून सरकारी कागदापर्यंत रोज अनुभवावे लागते. मनाच्या शास्त्रातही असा एक सीमाप्रदेश आहे. त्या काळच्या वर्गवारीनुसार मज्जाविकृतीतही न बसणाऱ्या आणि चित्तविकृतीतही न बसणाऱ्या रुग्णांसाठी न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द योजला. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार, या नावाने त्याला आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले. नाव रूढ झाले. परंतु रुग्णालयाच्या दारात या रुग्णांची अवस्था दीर्घकाळ सीमेवरचीच राहिली.

या विकाराची लक्षणे दुरून पाहणाऱ्याला स्वभावदोष वाटतात. आपले माणूस आपल्याला टाकून जाईल, ही भीती मनाला अखंड पोखरत असते. सकाळी देवासारखा वाटणारा माणूस संध्याकाळी वैरी भासतो. राग अनावर होतो, आतून रितेपण जाणवते, ‘मी नेमका कोण’ या प्रश्नाचे उत्तर हाती लागत नाही. वेदना असह्य झाली की हातावर ब्लेड ओढले जाते, गोळ्या घेतल्या जातात. घरातले म्हणतात, ही नाटके आहेत. दुर्दैव असे की, वैद्यकीय व्यवसायातील मंडळीही पुष्कळ काळ निराळ्या शब्दांत तेच म्हणत होती. असा रुग्ण ‘त्रासदायक’ ठरे, आणि निदान हे उपचाराचे प्रवेशद्वार होण्याऐवजी दार लावून घेण्याचे निमित्त होई.

ही गोष्ट इंग्लंडने सरकारी पातळीवर मान्य केली. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी २००३ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक पुस्तिकेच्या शीर्षकातच, व्यक्तिमत्त्वविकार हे यापुढे रुग्णाला वगळण्याचे कारण असणार नाही, असे म्हटले होते. जे घडत नव्हते ते थांबवा असे कोणी सांगत नसते. म्हणून ते शीर्षक म्हणजे एक कबुलीच होती.

हे घडू शकले, कारण तोवर उपचार सापडले होते. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मार्शा लिनेहान यांनी आपल्या पद्धतीची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ या नावाने ती ओळखली जाते. रुग्ण आज जसा आहे तसा स्वीकारायचा आणि त्याच वेळी त्याला बदलायला मदत करायची, या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकत्र बांधणे हे तिचे सूत्र. दर आठवड्याला उपचारकाशी भेट, गटात कौशल्यांचे शिक्षण, आणीबाणीच्या क्षणी फोनवर मार्गदर्शन आणि उपचारकांनी परस्परांना सावरण्यासाठी घ्यायची बैठक, असे तिचे चार पाय. त्या चाचणीत वर्षभरात रुग्णांचे स्वतःला इजा करून घेणे कमी झाले, रुग्णालयातले दिवस घटले आणि उपचार अर्ध्यावर सोडणारेही थोडे राहिले. सतराव्या वर्षी आपण स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होतो, हे लिनेहान यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. तेही त्याच रुग्णालयात उभे राहून.

लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी दुसरी वाट शोधली. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यामागे कोणते मन आहे, हे ओळखण्याची शक्ती भावनेच्या लोंढ्यात वाहून जाते. ती पुन्हा उभी करणे हा त्यांच्या उपचाराचा गाभा. त्यांची पहिली चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. हे काम सरकारी आरोग्यसेवेत झाले, खाजगी दवाखान्यात नव्हे, ही त्यातली महत्त्वाची बाब.

औषधांचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. ब्रिटिश आरोग्यसेवेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, केवळ या विकारासाठी म्हणून औषधे देऊ नयेत, आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीची मानसोपचाराची धावती योजनाही राबवू नये. येथे मुख्य औषध आहे ते वेळ, सातत्य आणि शब्द. सरकारी दवाखान्यात नेमक्या याच तीन गोष्टींचा तुटवडा असतो.

मग गरीब व्यवस्थेने हात टेकावेत काय? टोरांटोतील शेली मॅकमेन आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास याचे आशादायक उत्तर देतो. १८० रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर लिनेहान यांची पद्धत दिली, निम्म्यांना नीट आखलेली सर्वसाधारण मानसोपचारसेवा. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे महागड्या शिक्षणाचा डामडौल नसला तरी चालेल. परंतु जबाबदार व्यक्ती एक हवी, भेटीचा दिवस ठरलेला हवा, संकटकाळी काय करायचे हे आधी ठरलेले हवे, आणि उपचारकालाही कोणाचा तरी आधार हवा. अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी २९० रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे निदान दोन वर्षे ओसरलेली राहिली. मात्र लक्षणांबरोबर नोकरी आणि नातीही सावरली, असे निम्मेच निघाले. हा आजार असाध्य नाही, आणि बरे होणे म्हणजे केवळ लक्षणे जाणे नव्हे, असे दोन्ही धडे त्यात आहेत.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरावे, असे त्याचे ११५ वे कलम सांगते. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवाही आहे. तथापि, गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका माणसाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. त्या मिनिटांत चिठ्ठी लिहून होते, मन उलगडत नाही.

आणि मन कोणत्या भाषेत उलगडणार? लिनेहान यांच्या कौशल्यशिक्षणात भावनेला तिचे नेमके नाव देणे हा एक मूलभूत धडा आहे. राग, चीड, संताप, त्रागा, रुसवा, चडफड या शब्दांतला फरक ज्याला कळतो, त्याच्या हाती लोंढ्याला बांध घालण्याची एक वीट आलेली असते. दुःख मराठीत झाले आणि दवाखान्यात ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत सांगावे लागले, तर वाटेत बरेच काही सांडते. कन्नड घरातून येणाऱ्या रुग्णासमोर मराठी उपचारक बसला, तरी हेच घडते. म्हणून उपचार रुग्णाच्या भाषेत व्हावा, ही मागणी अस्मितेची नव्हे, वैद्यकाची आहे.

शंभर वर्षे शब्द जपणाऱ्या या संस्थेला येथे करण्याजोगे एक साधे काम आहे. या विकारांविषयी सोप्या, निर्भीड मराठीतील पुस्तकांचे एक कपाट येथे असावे, आणि ते मागणाऱ्याकडे कोणी वळून पाहू नये. घरातल्या मुलीच्या हातावरचे वण पाहून ‘नाटक’ हा शब्द ओठांवर येण्याआधी एखाद्या आईच्या हाती योग्य पुस्तक पडले, तरी दवाखान्याची निम्मी वाट चालून झालेली असेल. उरलेली निम्मी शासनाने बांधायची आहे, आणि ती मागत राहणे हे नागरिकांचे काम आहे.