माल चांगला, पण पुडी?

(एका गावच्या महिला मंडळात केलेले भाषण)

बायांनो, तुम्ही मला बोलावलेत, चहा पाजलात आणि तुमच्या हातचा चिवडा खायला दिलात. चिवडा झकास आहे. तो कसा करावा हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्याहून चांगले येते. तो भरायचा कशात, एवढेच मी बोलणार आहे. कारण ह्या एका गोष्टीपायी आमचा गट पार मोडता मोडता राहिला.

ते आधी सांगते. आम्ही बारा जणी. गौरीगणपतीला चिवड्याचे ३०० पुडे केले. एका पुड्यात २०० ग्रॅम, किंमत ४० रुपये. पोहे चांगले भाजलेले, तेल ताजे, शेंगदाणे निवडलेले. पिशव्या मात्र बाजारातून स्वस्तातल्या आणल्या. एक पिशवी ४० पैशाला. अगदी पातळ. तोंड चिकटवायला मेणबत्ती आणि करवतीचे पाते! तुमच्यापैकी काही जणी हसल्या, म्हणजे तुम्हीही तेच करता.

त्या वर्षी पाऊस हटेना. आठव्या दिवशी दुकानदाराचा निरोप आला. गेले, तर म्हणाला, "बाई, चिवडा पार वातड झालाय. गिऱ्हाईक पुडा परत आणून आपटतंय. घेऊन जा सगळं." ३०० पैकी २१० पुडे परत आले. ८,४०० रुपयांचा माल! आमच्यातल्या एका मावशींनी शेळी विकून पैसे घातले होते, लेकीच्या शाळेसाठी ठेवलेले. त्या काही बोलल्या नाहीत. एकेक पुडा फोडून चिवडा घमेल्यात ओतत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

मग भांडणे. पोहे कच्चे राहिले, ही म्हणाली. तेल जास्त झाले, ती म्हणाली. दोघी तर आठ दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि चूक कुणाच्याच हातची नव्हती. एक पुडा मी घरी फळीवर ठेवला होता. रात्री जवळ गेले तर कढीपत्त्याचा वास आला. पुडा बंद, आणि वास बाहेर! म्हटले, वास बाहेर येतो तर ओल आत जाणारच.

पाहा, देवाने नारळाला केवढी बांधणी दिली आहे. शेंगेला टरफल, कांद्याला पापुद्रे. ज्याला जसे जपायचे, तसे वेष्टन. आपणही आधी मालाकडे पाहावे, की बाई, तुला भीती कशाची?

चिवडा, फरसाण, शेव यांना भीती दोन. एक ओलीची. कुरकुरीत पदार्थ पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून घेतो आणि मऊ पडतो. दुसरी हवेची. तेलाला हवा लागली, त्यात उजेड पडला, की ते खवट होते. मोठ्या कारखान्यांच्या वेफरचा पुडा फुगलेला असतो, तो उगीच नव्हे. आतली हवा काढून नायट्रोजन नावाचा वायू भरलेला असतो. त्याने तेल खवट होत नाही, आणि वेफर मोडतही नाहीत.

पापडाची तऱ्हा वेगळी. त्यात थोडी ओल असावीच लागते. फार सुकला तर प्रवासात मोडतो, ओलसर भरला तर बुरशी धरतो. गिरगावात सात बायांनी १५ मार्च १९५९ ला ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तोच पुढे लिज्जतचा पापड झाला. पहिली पाकिटे चारच होती म्हणतात. पापड पातळ, हलका, एकावर एक नीट बसणारा. पाकिटात घालायला असा सोयीचा माल दुसरा नाही. नवीन गटाने म्हणून पापडापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. मत आहे हो, हट्ट नाही.

आता पिशव्यांकडे वळू. साधी मऊ पिशवी असते ना, ती पॉलिथिनची. पाण्याची वाफ ती बरीच अडवते, पण जाड असली तरच. जाडी मोजतात मायक्रॉनमध्ये. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. जाडी दुप्पट केली की आत जाणारी ओल जवळजवळ निम्मी होते. पण हवा आणि वास ती नीट अडवत नाही. शिवाय तेलकट माल भरला तर काही दिवसांनी बाहेरून हाताला तेलकट लागते. दुसरी पॉलिप्रॉपिलिनची. काचेसारखी स्वच्छ, हातात धरली की चुरचुर वाजते. ओल आणि तेल दोन्हीला बरी. आठवडी बाजारात आठ-दहा दिवसांत खपणाऱ्या फरसाणाला ती पुरे. तिसरी थरांची. बाहेरून पॉलिएस्टर, आतून पॉलिथिन, आणि मध्ये कधी चांदीसारखा चकाकता थर. ओल, हवा, उजेड, तिन्ही अडवते. महिना-दोन महिने दुकानात राहणारा माल असेल तर हीच घ्यावी. मिरचीपूड आणि हळद उजेडाने फिकी पडते, वासही उडतो, तेव्हा मसाल्यालाही हीच.

लोणच्याचे थोडक्यात सांगते, कारण आपल्या आज्यांनी ते केव्हाच सोडवून ठेवले आहे. मीठ आणि आंबट धातूला खाते, म्हणून त्यांनी चिनी मातीची बरणी घेतली. आपण काचेची घ्यावी. झाकण पत्र्याचे असेल तर आतून लेप असलेलेच पाहिजे, नाहीतर गंज लोणच्यात उतरतो. वर तेलाचा थर विसरू नये.

आणि वर्तमानपत्र! भजी आणि वडे आपण सर्रास त्यात बांधतो. गरम तेलात छपाईची शाई सुटते, आणि शाईत शिशासारखी विषारी द्रव्ये असू शकतात. अन्नवेष्टनाचे २०१८ सालचे नियम आहेत, त्यांत अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. कोरा कागद घ्यावा, नाहीतर केळीचे पान.

पिशवी चांगली आणि तोंड नीट बंद नाही, तर सगळे फुकट. मेणबत्ती सोडा, विजेचे चिकटवायचे छोटे यंत्र घ्या. चिकटवायच्या जागी पिठाचा किंवा तेलाचा कण राहू नये, सुरकुती पडू नये. मग एक पुडा पाण्याच्या बादलीत बुडवून हळू दाबायचा. बुडबुडा आला की तिथे भोक आहे.

आणखी एक परीक्षा, ती आम्ही फजितीनंतर शिकलो. पुडा भरल्याबरोबर बारीक काट्यावर तोलायचा, वजन वहीत लिहायचे. पुडा न्हाणीघराजवळ दमट जागी ठेवायचा आणि दर चार दिवसांनी पुन्हा तोलायचा. वजन वाढले, म्हणजे पाणी आत गेले. पातळ पिशवीतला आमचा पुडा बारा दिवसांत ६ ग्रॅमने जड झाला. थरांच्या पिशवीतला एक ग्रॅमही वाढला नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, ती पिशवी महाग. हो, आम्हाला अडीच रुपयाला पडली. ३०० पिशव्यांना ७५० रुपये, स्वस्तातल्या १२० ला आल्या होत्या. फरक ६३० रुपयांचा. आणि आमचे बुडाले ८,४००. पण उद्याच्या बाजारात विकायच्या शेवेला अडीच रुपयाची पिशवी घालू नका, तोही वेडेपणाच.

एक गोष्ट मलाही बोचते. थरांची पिशवी वेगवेगळ्या पदार्थांची असते, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. ती उकिरड्यावर जाते, गुराच्या पोटात जाते. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये सामान न्यायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, कान असो वा नसो. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. म्हणून जिथे कागद किंवा काच चालते तिथे तीच घ्यावी. आम्ही गावातल्या गावात चिवडा गिऱ्हाइकाच्या डब्यातच तोलून देतो.

पुड्यावर लिहायचे राहिले. मालाचे नाव, त्यात काय काय घातले ते, निव्वळ वजन, किंमत, केव्हा केला, केव्हापर्यंत खावा, गटाचा पत्ता, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर, आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. हे आता तुम्हीच लिहू शकता. मागच्या वर्षी अंगठा उठवणाऱ्या ताई आज चिठ्ठ्या लिहिताना मी पाहिल्या. शाई मात्र पुसली न जाणारी घ्या.

हे दोन पुडे मी बरोबर आणले आहेत. दोन्हींत एकाच कढईतला चिवडा आहे, तीन आठवड्यांपूर्वी भरलेला. मावशी, तुम्ही पुढे या. आधी हा पातळ पिशवीतला फोडा, आणि घासभर खाऊन सांगा.