मरोळची शेते आणि कारखान्याचे कसब

अंधेरीच्या पूर्वेस असलेले मरोळ हे मूळचे साष्टीतील भातशेतीचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे मरोळच्या जमिनीवर कारखाने आले व १९७३ साली सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झाले. परंतु नांगर धरणाऱ्या हातांना कारखान्यात कोणते काम मिळावे? बहुधा हमालीचे, नाहीतर पहाऱ्याचे.

१९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार घेण्याचे व त्यांस विद्यावेतन देण्याचे बंधन कारखानदारांवर घातले होते. तथापि फिटर वा टर्नर होण्यास आधी शाळेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. शेतावर राबलेला प्रौढ तेथेच अडतो. सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या जोडणीचे नाजूक काम मुख्यतः तरुण मुलींकडे आले, आणि ते त्यांनी कामावरच आत्मसात केले. मात्र असे कसब कागदावर चढत नाही. कारखाना बंद पडला की तीच कुशल मुलगी दुसऱ्या दारी नवशिकी ठरते. हा अन्यायच होय.

जमीन गेलेल्या कुटुंबातील एकास शिक्षण देऊन कामावर घ्यावे, हा एक पर्याय २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात आला. मरोळची शेते त्यापूर्वीच गेली होती.